ते सहावं बॅरल

अमेरिकेतल्या एका छोट्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत मी ब्लेंडर आहे, म्हणजे बॅरलाबॅरलांतली व्हिस्की पारखून मिसळणारी. बाहेरच्यांना वाटतं, चव घ्यायची म्हणजे दिवसभर प्यायचं. प्रत्यक्षात पाणी घालून नमुना साधारण 20 टक्के अल्कोहोलवर आणायचा, हुंगायचा, जिभेवर घेतलाच तर थुंकायचा. बॅरलमधल्या मूळ ताकदीवर नाक लगेच बधिर होतं आणि दोष लपून बसतात.

राय हे गव्हासारखं धान्य छळतं. त्याचा मॅश, म्हणजे दळलेल्या धान्याचा गरम पाण्यातला लगदा, खळीसारखा चिकटतो, फेस टाकीबाहेर येतो, पंप अडकतात. एवढं सोसल्यावर मिरी आणि शहाजिऱ्याच्या अंगाची तिखट व्हिस्की हाती येते. इथल्या नियमाप्रमाणे धान्यात किमान 51 टक्के राय हवी आणि मुरवायला आतून जाळलेलं, कोरं ओकचं बॅरल. ते झालं की आम्ही ती काही महिने पोर्टच्या रिकाम्या बॅरलांत ठेवतो. पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली वाइन. ती आंबत असतानाच तिच्यात द्राक्षांचं मद्यार्क ओततात, म्हणून साखर शिल्लक राहते. लाकडात मुरलेली ही वाइन रायचा तिखटपणा मऊ करते. मुक्काम लांबला तर मात्र रायच हरवते, उरतो नुसता जॅम. पोर्ट फिनिश म्हणून बाजारात पुष्कळदा तोच विकतात, याचा मला मनापासून राग येतो.

परवा सहा बॅरलांचे नमुने समोर होते. पाचांत काळी चेरी, सुकं अंजीर, मागून मिरी. सहाव्यात मात्र जळलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास, आणि त्यामागे रबर. वाइनची रिकामी बॅरलं प्रवासात खराब होऊ नयेत म्हणून आत गंधकाची वात जाळतात, त्याचा हा प्रताप असावा. मी तो नमुना दोन ग्लासांत ओतला, एकात तांब्याच्या पाइपचा घासलेला तुकडा टाकला आणि दोन्ही झाकून ठेवले. थोड्या वेळाने तांब्याच्या ग्लासातलं रबर गेलं होतं, काडी तशीच होती. बरोबरच आहे: तांबं हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन ही रबरासारख्या दुर्गंधाची गंधकाची संयुगं पकडतं, काडीचा वास देणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला हात लावत नाही. बॅरल बाद, असं मी वहीत लिहिलं.

दुपारी काही दुकानदार चव घ्यायला आले. मालकाने मला न विचारता सहाही नमुने नावं झाकून पुढे ठेवले. बहुतेकांनी सहावा उचलला. "काय छान स्मोकी आहे!" धुराची चव पीट या दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरातल्या फिनॉल नावाच्या संयुगांतून येते, हा गंधक आहे, हे मी समजावलं. कुणाला ऐकायचं नव्हतं. विकणाऱ्यांना तरी एवढा फरक कळायला हवा.

"हेच वेगळं भरूया," मालक म्हणाला. मी ठाम नकार दिला. मग म्हणाला, "निदान थोडं मिसळून तर बघ."

बघितलं. पाच बॅरलांच्या मिश्रणात सहाव्याचे मोजके थेंब टाकले आणि चेरीचा गोडवा आवरला गेला, मिरी पुढे आली, शेवटी शहाजिरेही सापडले. महिनोन्‌महिने मी जो तोल शोधत होते तो हाच होता, आणि तो एका दोषातून आला. दोष थोडा असला की त्याला गुण म्हणायचं का? मला अजून पटत नाही. पण थेंबांशिवायचं मिश्रण पुन्हा हुंगलं तर ते सपाट लागतं, हेही खरंच.

एक नमुना काठोकाठ भरून बंद केलाय, दुसरा अर्ध्या बाटलीत हवेसकट ठेवलाय. दोन्हींत काडी पुन्हा वर आली नाही, तरच मी सही करणार. मालक रोज विचारतो.