उद्या खंडेनवमी आणि मी आज बंदूक मोडून आलो

६ ऑक्टोबर २०१९, रविवार रात्र, न्यूझीलंडमधलं अ‍ॅशबर्टन

सकाळचं मिल्किंग उरकलं, आंघोळ केली आणि माझी एसकेएस, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रायफल, जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत टाकली. मॅगझिन रिकामं की नाही हे तीनदा बघितलं. ही म्हणाली, अरे देऊनच टाकायचीये ना, मग इतकं काय. पण सवय आहे, लायसन्सच्या परीक्षेत पहिला नियमच तो असतो, कुठलीही बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं.

नव्या कायद्याने बेकायदा ठरलेल्या बंदुका सरकार पैसे देऊन परत घेतंय, त्या हॉलबाहेर लाइन होती. बहुतेक शेतकरी, गमबूट, कुणाच्या हातात तीन तीन बॅगा. वारा असा सुटला होता की टोपी धरून उभं राहावं लागत होतं आणि कोणी फार बोलत नव्हतं. माझ्यापुढचा म्हातारा तेवढा म्हणाला की त्याच्या शॉटगनमध्ये पाचापेक्षा जास्त गोळ्या बसतात म्हणून ती बेकायदा ठरली, पण ती तो देणार नाही, गनस्मिथकडून पाचावर कायमची बंद करून घेणार, त्याचा खर्च ३०० डॉलरपर्यंत सरकार देतं. बदकांसाठी ठेवतो म्हणे. आज दुसरी एक द्यायला आला होता. माझ्यापुढे तसला काही मार्ग नव्हता, सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे गेलीच.

आत टेबलं मांडलेली. यादीत प्रत्येक मॉडेलचा दर ठरलेला, नव्यासारखी असेल तर त्याच्या ९५ टक्के, वापरलेली असेल तर ७०, अगदी खराब असेल तर २५. मी मनात ९५ धरून गेलो होतो (कोणाचाही माल स्वतःला नवाच वाटतो). तपासणाऱ्याने नळीत टॉर्च मारला, बोल्ट मागेपुढे केला आणि दस्ता फिरवून बघताना एका ठिकाणी थांबला. लाकडाच्या रेषांमध्ये लाल काहीतरी बसलेलं. हे काय, गंज? मी म्हणलं नाही हो, कुंकू आहे. आता ते त्याला कसं समजावणार, म्हणलं आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा करतात, तो दिवस उद्याच आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला आणि ७० टक्के लिहिलं. कुंकवामुळे नाही, वासरांच्या शेडच्या गेटला घासून बॅरलवर ओरखडा पडला होता त्यामुळे. घासाघीस केली नाही. बँकेचा नंबर दिला, सही केली.

मग प्रेस. बघायचं नाही असं ठरवलं होतं पण पाय तिथेच थांबले. हायड्रॉलिक मशीन, ऊस पिळायला लावावा तशी बंदूक आडवी ठेवली आणि वरून जबडा खाली आला, अजिबात घाई न करता. आधी लाकडाचा कडकड आवाज झाला, मग पोलाद नुसतं दबत गेलं, त्याचा आवाजच नाही. थोडी सरकवून परत दाबली. बाहेर निघाली तेव्हा नळी कोपरात वाकलेल्या हातासारखी. एक मिनिटही लागलं नसेल. लायसन्सच्या वेळी पोलिसांकडून एक बाई घरी येऊन हिला वेगळं बसवून सतरा प्रश्न विचारून गेली होती, मी चिडतो का, पितो का, आमची भांडणं होतात का, मिळायला एवढा वेळ आणि मोडायला एवढासा.

वाईट वाटलं का? डुकरं आणि हरणांसाठी घेतली होती, एक जण फार्म सोडून जाताना स्वस्तात देऊन गेला, माझी पहिली रायफल, त्यामुळे थोडं वाटलंच. पण १५ मार्चला शुक्रवारी दुपारी आम्ही शेडमध्ये रेडिओ लावून उभे होतो, ख्राइस्टचर्च इथून तासाभरावर, आणि तिथल्या मशिदींतल्या गोळीबारात मेलेल्यांचा आकडा वाढत चालला होता, शेवटी ५१ झाला. नंतर कळलं की गोळ्या झाडणाऱ्या माणसाकडे ए कॅटेगरीचंच, म्हणजे साधंच लायसन्स होतं. माझ्याकडे आहे तेच. त्याच लायसन्सवर त्याने दुकानातून रीतसर रायफली घेतल्या, मोठी मॅगझिनं लावली आणि दोन मशिदींत गेला. त्यानंतर बंदुकीचं कपाट उघडताना माझा हात जरा थांबायचाच. एप्रिलमध्ये संसदेत ११९ विरुद्ध १ ने कायदा झाला तेव्हा फार्मवरचे काही जण सरकारला शिव्या देत होते, मी त्यात पडलो नाही. २० डिसेंबरपर्यंत मुदत आहे, काही जण बघू बघू करतायत.

रात्री साताऱ्याला फोन लावला. काकांकडे आजोबांची बारा बोअर आहे, रानडुकरांसाठी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, माझीबी जमाच हाय की ठाण्यात, विधानसभा लागलीया. म्हंजी औंदा खंडेनवमीला तुझ्यात बी न्हाई अन् माझ्यात बी न्हाई." मग उद्या पूजेला काय ठेवणार विचारलं तर म्हणाले कोयता हाय, खुरपं हाय, ट्रॅक्टरचा पाना हाय. माझ्याकडे पॉइंट टू-टू, म्हणजे छोट्या गोळीची रायफल आहे सशांसाठी, ती कायद्यात बसते. पण ही म्हणतेय या वर्षी ती नको, मिल्किंग मशीनलाच हळदीकुंकू लाव. बरोबर आहे तिचं, पोट त्या मशीनवरच चालतं.

काकांची निकाल लागल्यावर परत मिळेल. म्हणलं घरी आली की फोटो पाठवा.