धरणगावची भिल्ल पलटण आणि मार्गारेट

माझं आजोळ धरणगाव. बालकवींचं गाव म्हणून त्याचं नाव घेतात. पण १८२५ नंतर भिल्ल पलटणीचं ठाणंही इथंच होतं. ती उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्राम तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, तरी सातपुडा काही हाती येईना. बंदुकीच्या जोरावर भिल्ल वाकले नाहीत, म्हणून गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात त्यांनाच फौजेत घ्यायचं ठरलं. औट्राम त्यांच्याबरोबर रानात राहिला, वाघाच्या शिकारीला गेला. माणसं जोडली, हे मी मान्य करते. पण ज्यांचं रान त्यांनाच त्याच रानाचे पहारेकरी केलं, हे मला आजही टोचतं.

मला जास्त ओढ त्याच्या आईची. मार्गारेट तिचं नाव. नवरा बेंजामिन मोठा इंजिनिअर, कालवे आणि लोखंडी रूळमार्ग बांधणारा. तो १८०५ मध्ये अचानक गेला, तेव्हा जेम्स दोन वर्षांचा. हाताशी पैसा नाही, पदरात पाच लेकरं. ती स्कॉटलंडला, अ‍ॅबरडीनकडे गेली आणि तिथंच मुलं वाढवली. सोळाव्या वर्षी जेम्स मुंबईच्या फौजेत भरती झाला.

खानदेशातली दहा वर्षं संपली, तेव्हा १८३५ च्या डिसेंबरात त्याचं लग्न झालं. बायको नात्यातलीच. तीही सासूसारखीच माहेरची अँडरसन, नावही थेट मार्गारेटच.

माझी मोठी माय तरुणपणीच विधवा झाली. कपाशी वेचून तिनं चार पोरं शिकवली. ती पहिली मार्गारेट वाचताना मला तिचेच चिरा पडलेले हात दिसत होते.