आतड्याचा पीळ डावीकडचा की उजवीकडचा?

राजापूरकडच्या खेड्यातून आलेले आजोबा, वय सत्तरीपुढचं, जुनं बद्धकोष्ठ. तीन दिवस शौच नाही, वारा सरत नाही, पोट टम्म. वाटेत एका दवाखान्यात 'गॅस' म्हणून रेचक दिलं होतं. वाट बंद झालेल्या आतड्यावर रेचक देणं घातक आहे, आणि आपल्याकडे ते सर्रास दिलं जातं.

मी रेडिओलॉजिस्ट. पहिल्या एक्स-रेत डायफ्रॅमच (छाती आणि पोटामधला पडदा) फिल्मबाहेर राहिलं होतं. अशी फिल्म परत काढायलाच हवी. रुग्ण उभा राहत नसेल तर डाव्या कुशीवर वळवून आडवे किरण सोडायचे. आतडं फुटलं असेल तर बाहेर पडलेली हवा यकृताच्या कडेला दिसते. इथे ती नव्हती. दिसलं ते ओटीपोटातून थेट डायफ्रॅमपर्यंत चढलेलं एकच प्रचंड वेटोळं, मधोमध जाड रेघ: कॉफीच्या बीची खूण, म्हणजे आतड्याला पीळ.

अडलं ते वेटोळ्याच्या टोकापाशी. सिग्मॉइडच्या (मोठ्या आतड्याचा डावीकडचा, गुदाशयाआधीचा वळणदार भाग) पिळात टोक बहुधा उजवीकडे वर जातं, यांचं डावीकडे झुकलेलं. पिळलेलं सीकमही (मोठ्या आतड्याची उजवीकडची सुरुवात) तिथेच जातं. हा फरक निर्णायक आहे, कारण सिग्मॉइडचा पीळ दुर्बिणीतून नळी घालून सोडवता येतो, सीकमला बहुधा थेट शस्त्रक्रियाच लागते. मी उजवी कूस पाहिली. सीकम मळासकट जागेवर होतं, लहान आतडं फुगलेलं नव्हतं, वेटोळ्याच्या भिंतीवर खाचा नव्हत्या. म्हणजे सिग्मॉइड.

तरीही सीटी केला, कारण आतडं जिवंत आहे का हे एक्स-रे सांगत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) पाहिलं, तोंडावाटे कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) पाजण्यात वेळ घालवला नाही, शिरेतून देऊन सुमारे ७० सेकंदांनी स्कॅन. डाव्या ओटीपोटात रक्तवाहिन्यांचा भोवरा, पिळापाशी वेटोळ्याच्या दोन्ही बाजू चोचीसारख्या निमुळत्या. भिंतीत वा यकृताच्या शिरांत हवा नाही. पण भिंतीचा एक छोटा पट्टा कॉन्ट्रास्ट कमी घेत होता. फुगून ताणलेली भिंत पातळ होते, तीही फिकट दिसते. रक्तपुरवठा तुटलेलीही फिकटच दिसते. त्या पट्ट्याबद्दल मला आजही ठाम बोलता येत नाही.

रिपोर्टची वाट न बघता सर्जनना फोन केला: पट्टा अमुक ठिकाणी आहे, दुर्बिणीने आत जाताना आतड्याचं अस्तर काळं दिसलं तर पुढे ढकलू नका, थेट पोट उघडा. अस्तर निळसर होतं, पण जिवंत. पीळ सुटला, वारा सुटला, नळी आतच ठेवली.

घरचे म्हणाले, पोट उतरलं, आता कापायचं कशाला? कारण तो लांबलेला सिग्मॉइड तसाच आहे. पीळ पुन्हा पडण्याचं प्रमाण मोठं, आणि पुढच्या वेळी पावसाळ्यात रात्री घाट चढून कोल्हापूर गाठावं लागेल. तब्येत सोसत असेल तर याच मुक्कामात तो भाग काढून टाकावा. सर्जननी तेच समजावलं, मीही सीटीची चित्रं मुलाला दाखवली. तो अजून विचार करतो आहे.