तुम्ही विचारलंत म्हणून: चान्स किती टक्के?

दहावीला 97 टक्के, एसएटी (अमेरिकी कॉलेजांची प्रवेशपरीक्षा) 1540, तबल्याच्या चार परीक्षा झाल्यात. अमेरिकेतल्या एमआयटीला चान्स किती? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: एवढ्यावरून टक्का कुणालाही काढता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याला फी देऊ नका. मूल कोणत्या रांगेत उभं आहे, हे मात्र घरबसल्या कळतं.

एमआयटीत एकूण प्रवेशाचा टक्का पाचाच्या आत असतो. परदेशातून अर्ज करणाऱ्यांची रांग वेगळी. तिथे तो दोनाच्या आसपास येतो. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात 2018 मध्ये उघड झालेल्या आकड्यांनुसार, आई किंवा वडील तिथेच शिकलेल्या मुलांपैकी सुमारे 33 टक्क्यांना प्रवेश मिळत होता, इतरांपैकी सहाएक टक्क्यांना. छापलेल्या टक्क्यात खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांची मुलं सगळी मिसळलेली असतात. ती वजा केली की तुमच्या वाट्याला उरतं ते आणखी कमी.

कॉलेजचं नाव टाकून ‘कॉमन डेटा सेट’ शोधा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ही पीडीएफ काढतात. त्यातल्या सी-9 या भागात प्रवेश घेतलेल्या मुलांचे एसएटीचे आकडे असतात. 1540 तिथल्या मधल्या आकड्याजवळ असेल तर परीक्षेचा विषय संपला; पुन्हा बसून 1570 आणल्यानं फारसं काही हलत नाही. जिथे एसएटी ऐच्छिक आहे, तिथे किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही त्याच पानावर असतं. निम्म्यांनीच पाठवले असतील तर ते आकडे फुगलेले समजा, कारण कमी गुणवाले पाठवतच नाहीत. (एमआयटीनं 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली.)

मग त्याच पीडीएफमधला एच-6 हा भाग उघडा. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजकडून आर्थिक मदत मिळाली आणि सरासरी किती, ते तिथे दिसतं. पैशाचं बोलायला आपण लाजतो, पण भारतातल्या घरासाठी शक्यता सर्वांत जास्त इथेच हलते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाचाही निर्णय घेताना ऐपत बघत नाहीत. बाकीची बहुतेक बघतात, स्टॅनफर्डसुद्धा. तिथे मदत मागितली की रांग बदलते. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनीही हे वाचावं: मूल पहिलीपासून एडिसनच्या शाळेत असलं तरी एच-4 व्हिसावर (नोकरीसाठी गेलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो तो) असेल, तर मदतीच्या बाबतीत बरीच खाजगी कॉलेजं त्याला परदेशीच धरतात. प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

आता महाराष्ट्रातली खास अडचण. अर्जाला नववी ते बारावीचे गुण लागतात. दहावीनंतर शाळा सुटते, म्हणून कागद दोन ठिकाणांहून गोळा करावे लागतात. हे जमतं. शिफारसपत्रांचं कठीण. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं हवीत: एक गणित-विज्ञानाचं, दुसरं भाषा-इतिहासासारख्या विषयाचं. ‘इंटिग्रेटेड’मधल्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या मुलाचा सगळा दिवस क्लासमध्ये जातो, ज्युनियर कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमनी त्याला पाहिलेलंही नसतं. मग पत्र येतं: ‘आज्ञाधारक, कष्टाळू, वक्तशीर’. असली पत्रं ढिगानं येतात. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. वर्गात मुलानं कुठला प्रश्न विचारला, कुठली चूक स्वतः शोधून दुरुस्त केली, असं एक वाक्य लिहू शकणारे शिक्षक आहेत का? नसतील तर शक्यता मोजताना इथे खाली या, गुण कितीही असोत. मूल अजून अकरावीत असेल तर दुरुस्तीला वेळ आहे.

एक हिशोब हमखास चुकतो. दहा कॉलेजं, प्रत्येकी पाच टक्के, म्हणजे निदान एक मिळण्याची शक्यता 40 टक्के! गणित बरोबर आहे, पण ते दहा निकाल एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच. इथे गुण तेच, पत्रं तीच, निबंधही जवळपास तोच. एका ठिकाणी जे कमी पडलं ते दहाही ठिकाणी कमी पडतं.

तेव्हा यादीत निदान दोन नावं अशी हवीत, जिथे परदेशी मुलांना सहज प्रवेश मिळतो, मदत न मिळाली तरी फी भरता येईल आणि मुलाला चार वर्षं राहायला आवडेल. यातलं तिसरं बहुतेक घरांत मुलाला कुणी विचारलेलंच नसतं.