शनिवार पाळणारे दाजी आणि हैदराबादचा पत्थर का गोश्त

सोलापूरकरांना हैदराबाद काय नवीन नाही. लग्नाची खरेदी, डोळ्याचं ऑपरेशन, विमान पकडायचं, कशाला ना कशाला जाणं होतंच. पण नुसतं खायला म्हणून ३०० किलोमीटर गाडी हाकत गेलो ते पहिल्यांदाच, आणि त्यात ज्याची गाडी त्याचाच शनिवार निघाला.

तर झालं असं. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर जानेवारीत आम्ही तिघं पार्क चौपाटीवर बसलेलो. मी, माझे दाजी (बहिणीचे मिस्टर, होटगी रोडला फरशीचं दुकान) आणि पूर्व भागातला माझा एक पद्मशाली (घरात तेलुगू बोलणारा) दोस्त. दोस्ताने मोबाईलवर पत्थर का गोश्तचा व्हिडिओ दाखवला. शीग नाही, तंदूर नाही, तापलेल्या दगडावर मटणाचे पातळ तुकडे नुसते चर्र करतायत. दाजींनी मटणाकडं बघितलंच नाही, म्हणाले दगड कुठला आहे बे हा? मी म्हटलं चला बघूनच येऊ. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत. ठरलं. दाजी शनिवारी मांसाहार करत नाहीत हे मला लग्नापासून माहितीय, दाजींना तर त्याच्याही आधीपासून माहिती असणार, पण त्या क्षणाला तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ताईने डबा भरताना विचारलं, "अहो, शनिवार आहे ना उद्या?" दाजी म्हणाले, "मी गाडी चालवतो, रविवारी खातो." विषय संपला असं आम्हाला वाटलं.

सकाळी साडेसहाला निघालो. ताईने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही दिलेलं. पहिल्याच टोलला फास्टॅग वाजला. बॅलन्स होता हो, दीड हजार होता, पण केवायसी अर्धवट म्हणून टॅग ब्लॅकलिस्ट. बँकेचा मेसेज आलेला म्हणे तीन आठवड्यांपूर्वी, दाजींनी फ्रॉड समजून डिलीट केला. तेव्हा नियम असा होता की टॅग चालत नसेल तर कॅश दिली तर डबल आणि यूपीआयने दिली तर सव्वापट. मग काय, प्रत्येक टोलला मागच्या सीटवरून मी स्कॅन करतोय आणि मागून हॉर्न. बँकेचा हेल्पलाईनवाला चाळीस मिनिटं गाणं ऐकवून म्हणाला अपडेट व्हायला दोन-तीन दिवस लागतील. तेव्हा लांब निघायच्या आठवडाभर आधी टॅगचं स्टेटस बघून घ्या, बॅलन्स बघून उपयोग नाही.

नळदुर्ग आला की मला कायम आजोबा आठवतात. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून भारताची फौज निघाली ती ह्याच रस्त्याने, नळदुर्ग पहिल्याच दिवशी घेतलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आजोबा ते सांगताना अजून कानात रणगाड्याचा आवाज असल्यासारखं सांगायचे. दोस्त म्हणाला, त्यांना पाच दिवस लागले, आपण जेवायला पोचतो.

उमरगा मागं पडलं की कर्नाटक, हुमनाबादजवळ माणिक प्रभूंना दाजींनी गाडीतूनच हात जोडले, "आत्ता नको आत जायला, कबाबला निघालोय." मग जहिराबाद म्हणजे तेलंगणा. सकाळी एका राज्यात चहा, दुसऱ्यात नाष्टा, तिसऱ्यात ट्रॅफिक. पटणचेरूपासून पुढं जी गर्दी सुरू झाली ती कुकटपल्लीपर्यंत दीड तास. नामपल्लीतल्या लॉजवर गाडी लावली तेव्हा दोन वाजून गेलेले, पोटात भाकरी कधीच विरघळलेली.

आणि इथं मी सगळ्यात मोठी चूक केली. बिर्याणी खाल्ली. पूर्ण. दोस्तानेही पूर्ण. दाजींनी समोर बसून खट्टी दाल आणि भात खाल्ला आणि आमच्या ताटाकडं एकदाही बघितलं नाही, बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग रिक्षाने चारमिनार. गाडी तिकडं नेऊच नका, चारमिनारच्या भोवती चालतच फिरायचं असतं आणि अलीकडच्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यात तास जातो. १५९१ साली बांधलेली वास्तू, पण आम्ही मान खाली घालून धूर शोधतोय. धूर नाहीच! सगळ्या कबाबवाल्यांच्या भट्ट्या थंड. एक पोरगा कोळशाची पोती उतरवत होता त्याला विचारलं तर म्हणाला, "अब्बी कायकू आये भाई, शाम कू आओ, मगरिब के बाद." म्हणजे कोळसा पेटतो अंधार पडायला लागल्यावर, आणि आम्ही दुपारी बिर्याणी कोंबून उभे. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटावर तीन तास काढले. ही बिस्किटं सातव्या निजामाच्या, उस्मान अलीच्या नावाची. दाजींनी दोन प्लेट संपवल्या, त्यांचा शनिवार तिथं जरा गोड झाला.

एक गंमत सांगतो. दोस्ताला वाटलेलं त्याची तेलुगू कामाला येईल. जुन्या शहरात तिचा काडीचा उपयोग झाला नाही, उलट सोलापुरात विजापूर वेशीत आपण जी हिंदी बोलतो, कायकू, नक्को, हौ, ती तिथं अशी फिट बसली की रिक्षावाल्याने विचारलं बार्कसमें (हैदराबादचीच एक वस्ती) रहते क्या. दोस्त रात्रभर तोंड पाडून होता.

सात वाजता परत गेलो तर तीच गल्ली ओळखू येईना. विटांच्या दोन रांगा, त्यावर जाड काळा दगड आडवा, खाली लाल निखारे. मटण रानेचं (मांडीचं), बिनहाडाचं, बोटभर रुंद आणि ठोकून पापडासारखं केलेलं. मसाला फार नाही, आलं-लसूण, हिरवी मिरची, काळी मिरी आणि कच्ची पपई. ते दगडावर टाकलं की आधी चिकटतं, हलवायचं नाही, आपोआप सुटतं तेव्हाच उलटायचं. दगडावर तेलाचे दोनचार थेंब, बास. सहाव्या निजामाच्या शिकारीत म्हणे शिगा विसरल्या, म्हणून खानसाम्याने दगड तापवला अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, चव शिगेवरच्या कबाबाची नाहीच. शिगेवर चरबी खाली निखाऱ्यात पडते आणि तिचा धूर वर मटणाला लागतो. इथं सगळा रस दगडावरच आटतो आणि परत मटणालाच चिकटतो, कडेला ती जी काळपट साय होते ना, तिच्यासाठी दोस्त आणि मी भांडलो. पोट भरलेलं असताना भांडलो, उपाशी असतो तर काय झालं असतं.

दाजी ह्या सगळ्या वेळात काय करत होते? दगडाची चौकशी. वाकून बघितलं, उलथन्याने कडेला टकटक करून आवाज ऐकला. "ग्रॅनाइट आहे, चार बोटं जाड, पॉलिश नाही." मग त्या दुकानदार चाचांना विचारायला लागले, किती वेळ तापवता, कोळसा कडेला जास्त का मध्ये, पाणी मारता का. चाचा इतके खूश की म्हणाले खाने वाले रोज आते, पूछने वाला आज आया. एक तास मंद आचेवर तापवायचा, घाईने नाही, आणि गरम दगडावर पाणी कधीच नाही, खरडून कपड्याने पुसायचा. चाचांनी प्लेट पुढं केली तर दाजींनी छातीवर हात ठेवून मान हलवली. मला खरंच वाईट वाटलं.

साडेअकराला मी आयडिया काढली, अर्धा तास थांबू, बारा वाजले की रविवार. दाजी तयार होते बघा. पण त्यांनी प्रामाणिकपणे ताईला फोन लावला आणि ताई म्हणाली वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाला नाही. झालं. सकाळी जाग आली तर दाजी आंघोळ करून मोबाईलमध्ये सूर्योदयाची वेळ बघत बसलेले. सहा पन्नास. सात वाजता नहारी (मटणाचा रस्सा) आणि चारकोनी नानवर त्यांनी जो हात मारला, वेटर दोनदा रस्सा घालून गेला.

दुपारी बार्कस. निजामाच्या फौजेतल्या अरबांच्या बराकी होत्या, बराकचं बार्कस झालं. येमेनच्या हद्रामौतहून आलेल्यांची वस्ती, रस्त्यात लुंगीवाले बुजुर्ग, आणि गाद्यांवर बसून एका मोठ्या थाळ्यात चौघांनी खायची मंदी. मूळची मंदी खड्ड्यातल्या भट्टीत होते, खाली भाताचं पातेलं, वर मांस टांगलेलं, त्याचा रस भातात गळतो. छान लागली, मला जरा सपक वाटली. आपल्या जिभेला काळा तिखट लागतो, त्याला इलाज नाही. पण पत्थर का गोश्त? संध्याकाळीच. आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत थांबायला नाही, सोमवारी दुकान. बार्कसहून आऊटर रिंग रोड धरून थेट पटणचेरूला निघालो, शहर टाळलं, तास वाचला (जातानाही हाच घ्यायला पाहिजे होता). दाजी हुमनाबादपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही वेळचं डिझेल-टोल मिळून चार हजारांच्या वर गेले आणि ज्याच्यासाठी गेलो ते त्यांनी खाल्लंच नाही.

म्हणून मी शहाणपणा केला. त्यांना सरप्राईज म्हणून पुढच्या बुधवारी गच्चीवर शहाबादी फरशीचा तुकडा विटांवर ठेवला, खाली जाळ. अर्धा किलो मटण रात्रभर पपई लावून ठेवलेलं. वीस मिनिटांत फरशी अशी फुटली की शेजारच्या काकू बाहेर आल्या, सिलिंडर का म्हणून. आणि मटणाचा तर लगदा, उचललं की बोटाला चिकटतंय. दाजींना फोन केला तर आधी पाच मिनिटं हसले, मग झापलं. शहाबादी हा थरांचा दगड, चुनखडीचा, थरात ओल असते, जाळ लागला की त्या ओलीची वाफ होऊन उडतो. कडप्पाही नको. आणि पपई रात्रभर कोण ठेवतं बे, दोन-तीन तास खूप झाले. आईच्या पाट्याकडं मी एकदा बघितलं होतं, पण आईनेही माझ्याकडं बघितलं.

फेब्रुवारीत शेतात हुरड्याला गेलो तेव्हा दाजी टेम्पोतून दगड घेऊन आले. ग्रॅनाइटचा, बिनपॉलिश, चार बोटं जाड, चौघांनी उतरवला. एकीकडं आगटीत शेण्यांवर कणसं भाजतायत, दुसरीकडं बाभळीच्या निखाऱ्यावर दगड तापतोय. तास झाला तरी दाजी हात लावू देईनात. मग थोडं तेल पुसलं, पहिला तुकडा टाकला, तो चिकटला, सगळे ओरडले उलटा उलटा, दाजी ढिम्म. आपोआप सुटला तसा उलटला, वर तीच काळपट साय. पहिला घास त्यांनी कडक भाकरीच्या तुकड्यावर घेतला, खाल्ला, आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मग पुढचे दहा-बारा तुकडे कुणालाच मिळाले नाहीत.

रविवार होता. ताईने तरी फोन करून विचारलं आज वार कुठला म्हणून.

दगड अजून शेतातच आहे, परत टेम्पोत कोण चढवणार. परवा गेलो तर आत्या त्याच्यावर शेंगा वाळत घालत होत्या.