मामाची पुडी आणि बॉसबाईंचा कागद

गेल्या आठवड्यात घरून पार्सल आलं. कांदा-लसूण चटणी, भडंग आणि तळाशी पेपरात गुंडाळलेली पुडी. वर मामाचं अक्षर, 'नरक्या, साल', म्हणजे आमच्या रानातल्या नरक्या झाडाची साल. वास असा की भडंगालाही लागला होता.

मामा आजऱ्याकडचा. भाचा जर्मनीत कॅन्सरच्या पेशींवर झाडपाल्याचे अर्क तपासतो, एवढंच त्याला ठाऊक. तेवढ्यावर त्याने रानातली साल काढून पाठवली. मीही हुरळलो आणि दुसऱ्या दिवशी पुडी लॅबमध्ये नेली. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं, 1966 साली ते एका चिनी झाडातून वेगळं काढणाऱ्यांतले मनसुख वाणी आमच्या नंदुरबारचे, असं सगळं बॉसबाईंना ऐटीत सांगितलं.

बाईंनी पुडीला हातही लावला नाही. "कागद?"

कसला कागद? साल कुठली, कुणाच्या परवानगीने देशाबाहेर आली, याचा. युरोपात 2014 पासून तसा नियम आहे. पुडी प्लास्टिकच्या पिशवीत गेली, पिशवीवर तारीख पडली, कपाटाला कुलूप लागलं. मूठभर साल हो! इथे कॉफी मशीनचं पाणी बदलायलाही सहीचा तक्ता आहे, त्यामुळे मला वाटलं हेही त्यातलंच जर्मन खूळ. घरी येऊन शोधलं तर परवानगी देणारं ऑफिस निघालं चेन्नईला आणि कायदा निघाला आपलाच, 2002 चा, जैवविविधतेचा. कोल्हापुरात एम.एस्सी. करताना आंबा घाटाकडून गाडीवरून अशीच साल आणली होती. कुणाला विचारलं नाही. पण ती थोडीशीच होती, आणि शिकण्यासाठी होती.

मामाला फोनवर सांगितलं तर तो उखडला. "आमच्या रानातनं ट्रकानं लाकूड गेलं तवा कुणी कागद मागितला न्हाई, आन् तुझ्या मूठभर सालीला मागत्यात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्लेटमध्ये पेशी मारणं तसं अवघड नसतं. आईची चटणी घातली तरी मरतील, नुसत्या मिठाने. खरा प्रश्न असतो, किती कमी अर्कात मरतात आणि निरोगी पेशी वाचतात का. 96 घरांच्या प्लेटमध्ये एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या घरात पिवळंच राहतं. गोची अशी की काही अर्क पेशी नसतानाही ते जांभळं करतात. म्हणून इथे प्रत्येक अर्कासाठी बिनपेशींची घरं वेगळी ठेवतात. आम्ही कोल्हापुरात ठेवत नव्हतो. प्लेटा मोजून मिळायच्या, रिकाम्या घरांची चैन कुठून आणणार? जांभळं दिसलं की 'निकामी' लिहून अर्क बेसिनमध्ये. त्यातला एखादा खरा असेलही. हे आठवलं की इथल्या शिस्तीला नावं ठेवताना जीभ जरा अडखळते.

चेन्नईचा फॉर्म डाऊनलोड करून ठेवलाय. अजून भरलेला नाही. रविवारी मामाचा पुन्हा फोन आला, "लागू पडलं काय रं?"

"तपासणी चालू आहे," म्हटलं.