पुढचं कुठलं?

रबाळ्याला पुस्तक संपलं. शेवटच्या ओळीनंतर येणारी प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादीसुद्धा किमतींसकट वाचून झाली, आणि अजून ऐरोली, दिघा गाव आणि मग ठाणे शिल्लक. दुपारची ट्रान्स-हार्बर होती. त्या वेळी बायकांच्या डब्यात चक्क खिडकी मिळते. दिघा गाव स्टेशन सुरू झालं २०२४ च्या जानेवारीत, तोवर ऐरोली सुटलं की थेट ठाणेच. तिथल्या लोकांची मोठी सोय झाली हे मान्य, पण हातात वाचायला काही नसलं की एकेक थांबा जिवावर येतो.

समोर तुर्भ्याला चढलेली एक मुलगी होती. तिने कानातला एक गोळा काढला आणि विचारलं, "संपलं?"

"हो."

"कसंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला धड देता येत नाही. 'छान आहे' म्हटलं की ते पुस्तक साडीच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं. पुस्तक होतं विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. एवढंसं आहे, पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी मावतं. युरोपातून इकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. कादंबरी आली १९३९ साली, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. हे सगळं ऐरोली यायच्या आत कसं सांगणार? म्हणून म्हटलं, "वाच तू." तिने मुखपृष्ठाचा फोटो काढला. मग अगदी सहज म्हणाली, "आता पुढचं कुठलं, आंटी?"

आंटी म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. पण पुढचं कुठलं? घरी गेल्यावर चहा घ्यायचा, हे ठरलेलं होतं. पुढचं पुस्तक कुठलं, हे नाही.

आमच्या लहानपणी असा प्रश्न पडायचाच नाही, कारण निवड आमच्या हातात नव्हती. नौपाड्यात आमच्या घराजवळ एक छोटं वाचनालय होतं. तिथे कपाटांपर्यंत जायची सोयच नव्हती. मध्ये लाकडी काउंटर, त्याला जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी. काउंटरवर पुस्तकांची यादी ठेवलेली असायची. रेक्झिनच्या कव्हरची, कोपरे तेलकट झालेली. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, आणि ज्याला कुठेच जागा नाही ते सगळं संकीर्णमध्ये. त्यातून नंबर काढून चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी आत सरकवायची. आतले काका ती घेऊन कपाटांत नाहीसे व्हायचे, स्टुलाची करकर ऐकू यायची, आणि जे हाताला लागेल ते एक पुस्तक घेऊन ते परत यायचे.

बाबा वागळे इस्टेटीत कारखान्यात होते. फर्स्ट शिफ्ट असली की तीन-साडेतीनला घरी. हात धुतले तरी बोटांना ऑइलचा वास असायचाच. ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे नंबर लिहून मला पिटाळायचे. चिठ्ठीत नंबर चांगले दहा-बारा, पण त्यांना खरं हवं असलेलं पुस्तक सगळ्यात शेवटी. काका चिठ्ठी खालून वर वाचतात, अशी त्यांची पक्की खात्री होती. या खात्रीला आधार काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हवं ते पुस्तक क्वचितच यायचं. जे यायचं ते बाबा चटईवर आडवे होऊन मुकाट्याने वाचायचे. वाढलेलं पान आणि आणलेलं पुस्तक, यांना नावं ठेवायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

एकदा काकांनी एक आकडा भलताच वाचला आणि ऐतिहासिक कादंबरीऐवजी मधमाशीपालनाचं पुस्तक घरी आलं. मला वाटलं, आता मला परत धाडणार. बाबांनी पहिलं पान उघडलं आणि रविवारी जेवायच्या आत पुस्तक संपवलं. पुढे कित्येक वर्षं ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगायचे, "कामकरी माशी उन्हाळ्याच्या दिवसांत जेमतेम सहा आठवडे जगते हो. आणि राणी कित्येक वर्षं. अंडं दोघींचं सारखंच. फरक खाण्याचा." शेजारचा जिलबी खात असायचा. त्याला यावर काय बोलावं ते कळायचं नाही.

हवं ते पुस्तक मिळालं असतं तर बाबांनी शिवाजी महाराजांवरची आणखी एक कादंबरी वाचली असती, आणि मधमाशी आमच्या घरात कधी शिरलीच नसती.

ठाणेकरांना दोन गोष्टींचा फुकटचा अभिमान असतो. एक म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यात आली. दुसरी म्हणजे मराठी ग्रंथ संग्रहालय, स्थापना १८९३. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांतले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मला एकच शंका येते. गाडी आली आणि गाडीत वाचायला पुस्तकं मिळायची सोय व्हायला चाळीस वर्षं गेली. तोवर ठाणेकर गाडीत करत काय होते? बहुधा शेजारच्याच्या हातातलं वाचत असतील. ते आजही करतात. परवा घणसोलीपर्यंत एक बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. मी पान उलटलं तर "अंहं" म्हणाल्या. मी थांबले. करणार काय?

आता सगळीकडे कपाटं उघडी. हवं ते काढा, चाळा, ठेवा. ग्रंथालयशास्त्राचे मोठे जाणकार शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यांतली दोन. आणि पुढचं, वाचकाचा वेळ वाचवा. उघड्या कपाटांपुढे उभी राहिले की माझा वेळ वाचत नाही, जातो. तासभर जातो. मान तिरकी करून पुस्तकांची नावं वाचायची म्हणजे दुसऱ्या दिवशी मानेला आयोडेक्स. त्यात आपल्याकडची काही पुस्तकं वरून खाली नाव छापतात आणि काही खालून वर, म्हणजे मान दोन्हीकडे.

फोनवर विचारावं, तर तो 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणतो. मी एकदा भाच्यासाठी दहावीच्या भूगोलाचं गाइड मागवलं होतं. तेव्हापासून त्याच्या मते मला भूगोल आवडतो. भाचा इंजिनीअर होऊन हिंजवडीला गेला, तरी मला अजून नकाशा-भरणाच्या वह्या दाखवतात. आणि त्या 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत' अशा याद्या तर मी उघडतच नाही. वाचायचं सुचवताना मरणाची आठवण कशाला करून द्यायची?

तेव्हा माझी आपली एक रीत आहे. ग्रंथालयात गेलं की कपाटांकडे जायचंच नाही. काउंटरच्या डाव्या हाताला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, अजून जागेवर न लागलेला. त्यातून उचलायचं. कुणीतरी ते पुस्तक काल रात्रीपर्यंत वाचत होतं. मध्ये बसचं तिकीट राहिलेलं असतं, कधी दुधाच्या हिशेबाचा कागद, आणि पानाला वासही असतो, कुणाकडे उदबत्तीचा तर कुणाकडे बोंबलाचा. त्या माणसाने पुस्तक संपवून परत दिलं की न संपवताच, तेही कळतं. अर्ध्यापर्यंतची पानं सैल पडलेली असतात आणि पुढची एकमेकांना धरून बसलेली. असं पुस्तक मी आवर्जून घेते. तो माणूस नेमका कुठे कंटाळला ते बघायचं असतं.

नाहीतर मग एकदम दुसरं टोक. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९८७ चा असलं काहीतरी. रंगनाथनांनी प्रत्येक पुस्तकाला वाचक कबूल केलाय, आणि हे बिचारं इतकी वर्षं वाट बघतंय. अशी पुस्तकं बहुतेकदा वाईटच निघतात, हे सांगून टाकते. लोक काही उगाच नेत नाहीत असं नाही. पण कालचं नाहीतर १९८७ चं, मधलं मला चालत नाही.

उचलल्यावर आधी अर्पणपत्रिका बघायची. मलपृष्ठ नाही. मलपृष्ठावर लेखकाचं सगळंच अभूतपूर्व असतं. अर्पणपत्रिकेत तो एकटा सापडतो. एका कादंबरीची पहिली आणि दुसरी आवृत्ती मी शेजारी ठेवून पाहिलीय. पहिलीत एका बाईंच्या नावे अर्पण, दुसरीत ते पानच नाही. कादंबरी यथातथाच होती, पण त्या नसलेल्या पानावर मी आठवडा काढला.

आणि पेन्सिलीचे शेरे. 'पुस्तकात खुणा करू नयेत' असा शिक्का ज्या पानावर, त्याच पानावर ते सुरू होतात. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांतली एक, खूप वर्षांपूर्वीची, पानं बिस्किटासारखी मोडणारी, मला मिळाली होती. पहिल्याच पानावर कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'खून पुतण्याने केला.' मी चिडून बंद करणार, तेवढ्यात खाली वेगळ्या अक्षरात दिसलं, 'साफ चूक.' मग काय, दोघांत खरा कोण ते बघायला सगळी वाचावी लागली. (सांगत नाही.)

दिवाळीनंतर मात्र माझी रीत गुंडाळून ठेवावी लागते, कारण तेव्हा दिवाळी अंक योजना सुरू होते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कल्पना नसेल की पुढे शंभर वर्षांनी बायका काउंटरवर त्यासाठी हुज्जत घालतील. ठरलेले पैसे भरायचे आणि अंक पाळीपाळीने न्यायचे. हवा तो अंक कधीच आत नसतो. फेब्रुवारीत तो मिळतो तेव्हा त्यातल्या चांगल्या कथेवर सगळे बोलून मोकळे झालेले असतात, आणि राशिभविष्यातले निम्मे महिने सरलेले. ते मी तरीही वाचते. 'डिसेंबरात प्रवास संभवतो.' झाला होता. तुर्भ्यापर्यंत, रोज.

'सध्या काय वाचतेयस?' याचंही एक तंत्र आहे. ऑफिसात डबा खाताना विचारलं की लोक वजनदार पुस्तक सांगतात. खरं वाचत असतात ते उशीखाली असतं. आमच्यातली एक गेली कित्येक वर्षं एकाच ग्रंथाचं नाव सांगते आहे, आणि कुणी तिला 'कुठवर आलं?' असं विचारत नाही. मी सांगते ते मात्र खरं असतं, कारण दोन घरांसाठी पुस्तकं आणते आणि बदलायच्या तारखा लक्षात ठेवाव्या लागतात. दुसरं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकू.

काकूंचं वय ८४. पायऱ्या उतरत नाहीत. त्यांच्या नावाचं कार्ड माझ्याकडे असतं. काय आणू म्हटलं की इतकी वर्षं उत्तर एकच, "तुला आवडेल ते." गेल्या पावसाळ्यापासून बदललं. "जाड बघून आण गं." मला वाटलं, माझा जिना वाचावा म्हणून. तर म्हणाल्या, "बारीक पुस्तक लगेच संपतं. मला काहीतरी चालू असलेलं बरं वाटतं." मी 'स्मृतिचित्रे' दिलं. पूर्वी वाचलेलं, तरी पुन्हा सगळं वाचलं त्यांनी. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या आणि लिहिणं अपुरं राहिलं, पुढचं मुलाने, देवदत्तांनी, पुरं केलं. मी तो भाग काढून दाखवायला गेले तर काकू म्हणाल्या, "माहीत आहे मला. तेवढा मी वाचत नाही. बाईंनी ठेवलं तिथेच ठेवते मी." बरं, म्हटलं.

त्यानंतर एक तीन खंडांचं चरित्र नेऊन दिलं. पहिला खंड विटेएवढा. महिनाभर त्यांच्या उशाशी होता, दोनदा तारीख वाढवून घेतली. त्या दुपारी स्टेशनवरून चालत घरी आले, चहा टाकला आणि कपड्यांच्या घड्या तशाच ठेवून खाली गेले. खंड टेबलावर बंद करून ठेवलेला. माझ्या मनात पुढच्याच पुस्तकाचा घोळ चालू होता, म्हणून विचारलं, "झाला? दुसरा आणू?"

"दुसरा आण," त्या म्हणाल्या. "पण तू वाच आणि मला सांग. अक्षरं हलतात आता."

ऑपरेशनचं विचारलं तर हात हलवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते सुनेला ठाऊक. माझ्याशी त्या फक्त चरित्राबद्दल बोलल्या. त्यातला तो माणूस दुसरं लग्न करतो की नाही, एवढं आधी बघून ये म्हणाल्या.

शनिवारी गेले. ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ नंबर सांगितला. दुसरा खंड बाहेर गेलाय. नेणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, तसा नियम आहे. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर पाहिलं आणि म्हणाल्या, "मुदत उलटून गेलीय. तिसरा आहे, नेता का?"